पिकअपचे पुढचे ब्रेक पॅड : डावा आतला एकटाच का झिजला?

गाडी एक-टनी पिकअप, एबीएस नसलेली. पुढे डिस्क, मागे ड्रम; बोलेरो पिकअप घ्या किंवा योद्धा घ्या, मांडणी हीच. मागच्या ॲक्सलपाशी एलएसपीव्ही, म्हणजे भार बघून मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह. मागच्या कमानीत दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा टाकलेला. तक्रार अशी की घाट उतरल्यावर पुढचं डावं चाक हात लावू देत नाही आणि आधीचा पॅडसंच जेमतेम १४,००० किमीत संपला. नवे पॅड टाकून मोकळं होणं हे अर्ध्या तासाचं काम. इथे दोन शनिवार गेले, त्याची ही नोंद.

पहिला शनिवार, सकाळ : मोजमाप

नट जमिनीवरच अर्धा फेरा ढिले केले, मागच्या चाकांना दोन्हीकडून उटी लावली, मग जॅक आणि चासीखाली घोड्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही, यात सूट नाही.

पॅडवरचं मटेरियल, पत्रा सोडून: उजवा आतला ५ मिमी, बाहेरचा ५.५. डावा आतला २.५, बाहेरचा ७. नवा पॅड साधारण १० ते १२ मिमीचा असतो आणि ३ मिमीला बदलायचा असतो. म्हणजे चारपैकी एकच संपलेला. बाहेरून चाकाच्या फटीतून टॉर्च मारणाऱ्याला ७ मिमी दिसले असते आणि त्याने गाडी पास केली असती. आतला पॅड बघायला चाक काढावंच लागतं.

डावीकडे ब्रेक दाबून सोडला की डिस्क हाताने फिरत नव्हती. मग कॅलिपरचा (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग) निपल, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, पाव फेरा उघडला. डिस्क तशीच घट्ट. निपल उघडल्यावर ती सुटली असती तर दाब आत अडकतोय हे कळलं असतं. तसं असतं तर संशय रबरी होजवर गेला असता, कारण जुना होज आतून फुगतो आणि ऑइल परत जाऊ देत नाही. इथे दोष यांत्रिक होता. कॅलिपर जिच्यावर सरकतो ती खालची गाइड पिन पान्याने धरून फिरवावी लागली. बूट फाटलेला, आत पाणी आणि लाल मातीचा चिखल, पिनेच्या मधोमध बोटभर गंजाचा पट्टा. पिना अडकल्या की कॅलिपर सरकत नाही, पिस्टनकडचा पॅड एकटाच डिस्कला घासत राहतो आणि बाहेरचा आराम करतो.

डिस्कची जाडी काठापासून १० मिमी आत, आठ ठिकाणी मोजली. काठावर ओठ चढलेला असतो, त्यावर व्हर्निअर टेकवलं तर आकडा फसवा येतो. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. त्यापेक्षा दीड मिमी शिल्लक. डायल गेजवर डगमग ०.०६ मिमी. ०.१ च्या आत असेल आणि पेडल थरथरत नसेल तर लेथवर न्यायचं कारण नाही, लेथवाला काहीही म्हणो. ओठ तेवढा घासला.

दुपार : पॅड कोणता घ्यायचा

पॅडच्या कडेला किंवा मागच्या पत्र्यावर छापलेल्या कोडच्या शेवटी दोन अक्षरं असतात. पहिलं थंड असतानाच्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५. आंबोली किंवा कुंभार्ली माल भरून उतरणाऱ्या गाडीला दुसरं अक्षर महत्त्वाचं. एफई पॅड गावात छान वाटतो आणि ऐन घाटात पकड सोडतो. मात्र ही अक्षरं फक्त पकड सांगतात. पॅड किती टिकेल, डिस्क किती खाईल हे त्यातून कळत नाही.

सिरॅमिक काळी भुकटी कमी सोडतो आणि आवाज करत नाही, पण भार वाहणाऱ्या गाडीला सेमी-मेटॅलिक बरा. उष्णता जास्त सोसतो. बदल्यात सकाळी पहिल्या दोन ब्रेकला थोडा कुरकुरतो आणि डिस्क जरा जास्त झिजवतो. मूळ पॅडवर एफएफ होतं, नवाही एफएफ सेमी-मेटॅलिकच घेतला. कोड नसलेला, नुसत्या चकचकीत खोक्यातला स्वस्त पॅड उचलू नका. दोन्ही चाकांचे चारही पॅड एकाच संचातले हवेत. डावीकडचे दोनच बदलले तर गाडी ओढणार.

खरेदी: चार पॅडचा संच, क्लिपांचा संच, दोन्ही कॅलिपरचे पिन-बूट, डावीकडच्या दोन पिना, सिलिकॉन ग्रीस, डॉट ४ ब्रेक ऑइल १ लिटर, ब्रेक क्लीनरचा कॅन.

दुसरा शनिवार : बसवणं

कॅलिपर वायरच्या आकड्याने कमानीला टांगला. होजवर लोंबकळू दिला तर होज आतून तुटतो. पिनेची भोकं क्लीनर आणि बाटली धुवायच्या बारीक ब्रशने साफ केली. ग्रीस मूगभरच, जास्त भरलं तर आत हवा दाबली जाऊन पिन परत बाहेर ढकलली जाते. साधं चेसिस ग्रीस इथे नको. त्यातल्या तेलाने ब्रेकचं रबर फुगतं आणि वर्षभरात पिन पुन्हा जाम. काही गाड्यांत एका पिनेला टोकाशी रबरी बुश असतो, ती कुठल्या भोकातली हे काढतानाच खूण करून ठेवा.

पिस्टन आत दाबताना निपलला नळी लावून तो उघडा ठेवला, म्हणजे कॅलिपरमधलं काळं ऑइल बाटलीत येतं, वर मास्टर सिलिंडरकडे जात नाही. नळीचं टोक ऑइलमध्ये बुडालेलं असावं. कॅलिपरला दोन पिस्टन असतील तर एक दाबताना दुसरा बाहेर येतो. जुना पॅड आडवा ठेवून त्यावर सी-क्लॅम्प लावायचा.

नवा पॅड कॅरिअरमध्ये (पॅड धरणारी चौकट) बोटाने सरकायला हवा. उजवा बाहेरचा सरकत नव्हता. कानावर पावडर कोटिंगची गाठ आली होती. कानसेचे चार हात मारले, सरकला. अशा ठिकाणी हातोडी वापरली की नवा पॅड पहिल्या दिवसापासून अडकलेला. झिजल्यावर किंचाळणारी पत्र्याची जीभ ज्या पॅडला आहे तो पहिल्या जागीच, बहुधा आत.

गाइड पिनचे बोल्ट आणि कॅरिअरचे बोल्ट यांच्या टॉर्कमध्ये बराच फरक असतो, नेमके आकडे त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या. लहान बोल्टवर लांब पाना चालवला की आटे जातात. शेवटी हवा काढली: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. स्टिअरिंग उजवीकडे असल्याने मास्टर सिलिंडरही उजवीकडे. सगळ्यात लांबचं चाक आधी. इंजिन चालू करण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबायचं. हे विसरलं की पहिला ब्रेक थेट फळीला टेकतो.

त्याच दिवशी, मागची बाजू

डाव्याचं कारण सापडलं, पण उजवीकडचे पॅडही १४,००० किमीत अर्धे झालेच होते. म्हणजे पुढचे ब्रेक मागच्यांचं काम करत होते.

एलएसपीव्ही चासी आणि ॲक्सल यांच्यातल्या अंतरावरून भार ओळखतो. माल भरला, चासी खाली बसली, की मागच्या ब्रेकला जास्त दाब. जादा पाटा टाकला की भरलेली गाडीही उंच उभी राहते. व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि तो मागचा दाब तोडतो. सगळा भार पुढच्या पॅडवर येतो. यावर रस्त्यावरचा इलाज म्हणजे दांडी तारेने वर बांधून टाकणं. तो करू नका. रिकाम्या गाडीची मागची चाकं पावसात लॉक होऊन गाडी आडवी होते. इथे आधी दांडीचा सांधा मोकळा केला, तो चिखलाने धरला होता. मग दोन्हीकडचे जादा पाटे उतरवले आणि रिकाम्या गाडीवर मॅन्युअलमधल्या मापाने दांडी लावली.

ड्रम उघडले. शूचं लायनर ३.५ मिमी, चालेल. व्हील सिलिंडरचा बूट उचलून पाहिला: ओलसर चालतो, थेंब चालत नाही. कोरडा निघाला. ॲडजस्टर सैल होते. ड्रम हलका घासेपर्यंत शू बाहेर सरकवले आणि मग चार खाचा मागे. पेडल दोन बोटं वर आलं. ड्रममधली भुकटी हवेने उडवली नाही, ओल्या फडक्याने पुसली. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

पॅड बसवणीची चाल

मोकळा सरळ रस्ता, अर्धा भार. ६० वरून २० पर्यंत मध्यम ब्रेक, दहा वेळा, मध्ये अर्धा-अर्धा मिनिट धाव. पूर्ण थांबायचं नाही. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरला तर त्याचा छाप उमटतो आणि पुढे पेडल थरथरतं. नंतर दहा मिनिटं ब्रेक न लावता गाडी गार केली. इन्फ्रारेड थर्मामीटरवर डावी डिस्क १४२ अंश, उजवी १३६.

१,५०० किमीनंतर : चाकं काढून पुन्हा मोजलं. डावा आतला १०.६, बाहेरचा १०.७, उजवीकडे दोन्ही १०.७. नवे असताना चारही ११ होते. डाव्या होजला वळणापाशी बारीक चिरा दिसल्या आहेत, तो जोडीने पावसाआधी बदलायचा.