वाचायला म्हणून गावाला जाणं: वाई, मेणवली, भिलार

मे महिन्यातल्या शनिवारी पसरणीच्या घाटात गाड्यांची रांग दिसली की महाबळेश्वरला आज पाय ठेवायला जागा नसणार, हे ओळखावं. त्यातल्या बहुतेक गाड्या पाचगणी ओलांडतात आणि ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भिलारचा फाटा मागे टाकून सरळ पुढे जातात. आम्हाला ते सोयीचंच पडतं. आम्ही म्हणजे मी आणि मावशी. ती शाळेतून निवृत्त झाल्यापासून आमचे उन्हाळ्यातले सुट्टीचे दिवस बहुधा एकत्रच जातात. पिशवीत पुस्तक, तिचा क्रोशाचा दोरा, माझी चित्रांची वही आणि जमलं तर अंधार पडायच्या आत घरी परतता येईल एवढी भटकंती. या खेपेला मात्र एका रात्रीचा मुक्काम ठरवला होता.

स्वारगेटहून सकाळची एसटी धरली. सुरूर फाट्याला महामार्ग सुटला तशी मावशीने विणकाम बाहेर काढलं. हलत्या गाडीत टाके कसे मोजते, हे तिचं तिलाच ठाऊक.

वाईत उतरून आधी गणपती घाटावर गेलो. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव रास्त्यांनी 1762 साली बांधलं. दर्शन घेऊन लोक पुढूनच परत फिरतात. मी मात्र सोबत कुणी नवखं असलं की त्याला मागच्या बाजूला घेऊन जाते. तिथली भिंत माशासारखी निमुळती केलेली आहे. कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा भिंतीवर आदळण्याऐवजी दोन्हीकडे फाकावा, म्हणून. मे महिन्यातलं रोडावलेलं पात्र पाहताना ही सगळी काळजी जास्तीची वाटते. पावसाळ्यात येऊन पाहिलं की वाटत नाही.

वाई हे वाचणाऱ्यांचं गाव आहे, ते भिलारच्या कितीतरी आधीपासून. प्राज्ञपाठशाळा इथली आणि मराठी विश्वकोशाचं कामही इथूनच चाललं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक होते, पहिला खंड 1976 मध्ये आला. मावशीच्या घरी विश्वकोशाचे काही खंड आहेत आणि उन्हाळ्याच्या दुपारी ते कुठेही उघडून वाचायची तिला जुनी सवय आहे. ‘कापूस’ शोधायला बसली की ती ‘कालिदास’पर्यंत पोचते आणि चहा गार होतो. विश्वकोश आता संगणकावरही मिळतो, पण तिथे शोधलेलंच सापडतं, हे तिचं गाऱ्हाणं मला पटतं.

दुपार मेणवलीला काढली. नाना फडणविसांचा वाडा नेहमीच्या घाईने पाहिला; खरं बसायचं होतं ते घाटावर. पायऱ्या चंद्रकोरीसारख्या वळत नदीकडे उतरतात आणि काठावरच्या छोट्या मंडपात एक मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीजांकडून आलेल्या घंटांपैकी ही एक. चर्चची घंटा शिवालयाच्या शेजारी इतकी वर्षं नांदते आहे आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मी तिचं चित्र काढायला घेतलं. घंटेची कड जमली, पायऱ्यांचं वळण काही केल्या जमेना. मावशी म्हणाली, “अगं, पायऱ्या मोजू नकोस, सावल्या काढ.” चित्रकलेचा तास तिने शाळेत कधी घेतला नव्हता, तरी सावल्या काढल्यावर घाट वळला.

संध्याकाळच्या गाडीने घाट चढून पाचगणीला आलो. टेबललँडवर उन्हं उतरेपर्यंत फिरलो. जांभ्या दगडाचं सपाट पठार, त्यावर घोडे, धूळ आणि मक्याची कणसं. हे आशियातलं दुसऱ्या क्रमांकाचं पठार आहे, असं घोडेवाले सांगतात. पहिलं कुठलं, ते त्यांना विचारू नये.

भिलार तिथून पाच किलोमीटरवर. मूळचं स्ट्रॉबेरीचं गाव. राज्य शासनाने 4 मे 2017 रोजी ते ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून सुरू केलं. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून कल्पना सुचली, पण दोन्हींची जात वेगळी. ‘हे’ हा जुन्या पुस्तकांच्या दुकानांचा बाजार आहे. तिथल्या रिचर्ड बूथ नावाच्या दुकानदाराने 1 एप्रिल 1977 ला स्वतःला त्या गावाचा राजा म्हणून जाहीर करून टाकलं होतं. भिलारला राजाही नाही आणि गल्लाही नाही. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी मिळून सुमारे पंधरा हजार पुस्तकं ठेवली गेली. ही ठिकाणं म्हणजे लोकांची राहती घरं, लॉज, देऊळ, शाळा. एका घरात कादंबऱ्या, दुसऱ्यात कविता, कुठे इतिहास, कुठे संतसाहित्य, कुठे बालसाहित्य. दाराशी पाटी असते, भिंतीवर चित्र असतं. आत जायचं, पुस्तक काढायचं, हवं तितका वेळ बसायचं. पैसे कुणी मागत नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्याला संकोच होतो, तो पुस्तकांमुळे नाही, घरामुळे. आपण पडवीत वाचत बसतो, पलीकडच्या खोलीत कुकरच्या शिट्ट्या होत असतात, घरातलं पोर पाहुण्यांकडे टक लावून बघत असतं. आम्ही मुक्काम केला त्या घरच्या काकू सकाळी म्हणाल्या, “बसा हो, आम्ही आमच्या कामात असतो. पंखा हवा तर बटण तिथं आहे.” एवढं झालं की संकोच मोडतो.

त्या घरात आत्मचरित्रं होती. हा प्रकार मी आपणहून कधी हातात घेत नाही. मोठ्या माणसांनी आपल्या मोठेपणाविषयी लिहिलेलं वाचायचा मला कंटाळा आहे. पण समोर दुसरं काही नव्हतं आणि उन्हात उठून कवितांचं घर शोधायचा आळस होता. म्हणून आडगावात दवाखाना चालवलेल्या एका डॉक्टरांचं पुस्तक काढलं आणि दुपारी जेवायला हाक आली तेव्हाच मान वर केली. आपल्या कपाटात आपल्याच आवडीची पुस्तकं असतात, त्यामुळे घरी वाचताना मी फिरून फिरून स्वतःलाच भेटते. परक्या घराचं कपाट असं लाड करत नाही.

इथलं पुस्तक बरोबर नेता येत नाही, तिथेच बसून वाचायचं. डॉक्टरसाहेबांची बदली अर्ध्यात अडकली. मावशीने विनोदी लेखांचा संग्रह धरला होता, तिचं बरं. लेख कुठेही सोडता येतो. एका दिवसासाठी जाणाऱ्याने कादंबरीच्या घरात पाऊल टाकू नये, हा माझा अनुभवी सल्ला.

काकूंना विचारलं, पावसाळ्यात काय करता? त्यांनी कपाळाला हात लावला. या डोंगरावर पाऊस धरला की आठवडेच्या आठवडे धुकं हलत नाही. कपड्यांना वास येतो, तिथे कागदाची काय कथा. पानं फुगतात, बांधणीला बुरशी धरते. मग कपाटात डांबरगोळ्या ठेवायच्या आणि जरा उघडीप मिळाली की पुस्तकं पडवीत पसरायची. ऐकताना वाटलं, पुस्तकं ठेवून घेणं एका दिवसाच्या उद्घाटनापुरतं नसतं. दर आषाढात ते नव्याने करावं लागतं. म्हणून भिलारला वाचायला जायचं तर उन्हाळ्यातच. दुपारीही सावलीत गारवा असतो आणि घरामागच्या झाडीतून पावशा ओरडत असतो.

परतीच्या गाडीत मावशीचा रुमाल पुरा झाला. पुढच्या रविवारी कुठे, असं तिने विचारलं. कुठेच नाही, म्हटलं, गच्चीवर. मेच्या मध्याला पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, साडेबाराच्या सुमारास उभ्या काठीची सावली नाहीशी होते. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गंमत वर्षातून दोनदा मिळते, पण दुसऱ्या वेळी, जुलैअखेर, आभाळ भरलेलं असतं. फक्त काठी अगदी सरळ हवी.

“क्रोशाची सुई चालेल का?” मावशीने विचारलं. सुईला पुढे आकडा असतो, म्हटलं. तर म्हणाली, “मग आकडा खाली मातीत खोच.”