नानांची द्राक्षं आफ्रिकेला वळसा घालून गेली

मार्च 2024 मधली सकाळ. पिंपळगाव बसवंतजवळच्या आमच्या पॅकहाऊसमध्ये सीझन ऐन भरात. खाली हॉलमध्ये बायका कात्र्या घेऊन घड साफ करत होत्या, प्रीकूलिंगचे पंखे घोंघावत होते, आणि वर ऑफिसात मी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमहून आलेला मेल तिसऱ्यांदा वाचत होतो.

सुरुवातच खटकली. हा खरेदीदार आठ सीझन आमचा माल घेतोय. त्याचा मेल एरवी माझ्या नावाने सुरू व्हायचा, वर मुलीची दहावी कशी चाललीय अशी चौकशी. आज 'डिअर सर्स' होतं आणि सीसीमध्ये सर्व्हेअर, म्हणजे माल तपासणारा माणूस. सोबत बावीस फोटो. मणी ठीक होते, गोडीही ठीक. पण देठ तपकिरी, काही पेट्यांत तर काळेच, आणि पनेटच्या, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डबीच्या, तळाशी मणीगळ. तिकडचं गिऱ्हाईक मण्याआधी देठ बघतं. देठ हिरवा तर माल ताजा, संपला विषय.

निर्यातीच्या पेटीवरच्या नंबरावरून प्लॉट शोधायला दोन मिनिटंही लागत नाहीत. प्लॉट निघाला निफाड तालुक्यातल्या नानांचा. आणि नाना अकरा वाजता बाकीचे पैसे घ्यायला येणार होते.

मागचं थोडं सांगायला हवं. 19 नोव्हेंबर 2023 ला येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात 'गॅलेक्सी लीडर' नावाचं जहाज पळवलं. गाझातल्या युद्धाचा निषेध म्हणून. ते जहाज गुजरातच्या पिपावावला यायचं होतं. बातमी मी मोबाईलवर वाचली आणि पुढे सरकवली. आठवडाभरातच, 26 तारखेला, निफाडात गारपीट झाली. मग तर कुणाला जहाजाचं पडलंय! बागेत गारांचा सडा, आणि आम्ही कुठला प्लॉट वाचला ते मोजत फिरतोय. डिसेंबरच्या मध्यावर मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडून आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालायला सुरुवात केली, तेव्हा कुठे आमच्या साहेबांनी भिंतीवरच्या नकाशासमोर खुर्ची ओढली.

न्हावाशेव्याहून रॉटरडॅम म्हणजे एरवी तीन-साडेतीन आठवडे. आता पाच आठवड्यांच्या पुढे. भाडं दुपटीच्या पलीकडे गेलं, पण ते निदान कागदावर दिसतं. दिवस दिसत नाहीत. पेटीतलं बुरशी रोखणारं सल्फर डायऑक्साइडचं पॅड, शून्य अंशाचा रीफर म्हणजे थंड कंटेनर, आमचं सगळं गणित ठरावीक दिवसांवर बसवलेलं. त्यात आमची द्राक्षं आता केपटाऊनला वळसा घालून चाललेली, म्हणजे जिथून दक्षिण आफ्रिकेची द्राक्षं नुकती जहाजात चढतात, तिथवर आमच्या घडाचा निम्मा प्रवास झालेला. बाजारात मात्र दोघं शेजारी शेजारी मांडलेले. हसू आलं असतं, माल आमचा नसता तर.

नाना वेळेवर आले. धोतर, टोपी, खिशात घडी घातलेली वजनपावती.

"उतरला का भाऊ आपला माल?"

मी मेल उघडाच ठेवला होता. स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. फोटो त्यांनी एकेक करून पाहिले, चष्मा वर-खाली करत. एका फोटोवर थांबले.

"हा माझाच घड. बुंध्याकडं असा चिमटा घेतो मी थिनिंगला." मग जरा थांबून, "माझ्या बागेत देठ असा नव्हता."

नव्हताच. काढणीच्या दिवशी मी स्वतः तिथे होतो. मणी अठरा मिलिमीटरच्या वर, देठ पोपटी. रेसिड्यूचा, म्हणजे फवारणीच्या अवशेषांचा, रिपोर्ट स्वच्छ. आमच्याकडे पॅकिंगमध्येही चूक नव्हती, कंटेनरचा तापमानाचा आलेख सरळ रेघेसारखा. मग जबाबदार कोण? जहाज कंपनी म्हणते, मार्ग बदलायचा हक्क आमच्या बीएलच्या, म्हणजे माल चढवल्याच्या कागदाच्या, अटींतच आहे. विमावाला म्हणतो, उशिरामुळे झालेलं नुकसान पॉलिसीत बसत नाही. हे खरंच आहे, मी ते कलम त्या आठवड्यात इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. खरेदीदार म्हणतो, मला सुपरमार्केटने माल परत केला, मी क्लेम लावणार. म्हणजे खाली खाली सरकत ते दिवस दोघांच्याच दारात येऊन थांबले. एक आमची पेढी, दुसरे नाना. ठरलेल्या रकमेतले निम्मे पैसे त्यांना काढणीला मिळाले होते, उरलेले विक्रीवर अवलंबून होते.

नाना उठून भिंतीवरच्या नकाशाजवळ गेले. "कुठून गेलं जहाज?" मी बोट फिरवलं. त्यांनी सुएझचा रस्ता वितीने मोजला, मग वळशाचा मोजला. दुसऱ्यांदा परत मोजला.

"गाडी भरताना ठाऊक होतं का तुम्हाला, इकडून जाणार म्हणून?"

होतं. बुकिंग मीच केलं होतं. फेब्रुवारीच्या त्या सकाळी त्यांनी बागेत चहा पाजला होता आणि "माल नीट पोचंल ना?" विचारलं होतं. मी म्हटलं होतं, "फिकीर करू नका नाना." मला प्लॉट हातचा घालवायचा नव्हता. शेजारचा व्यापारी बांधावर उभा होता.

"होतं," मी म्हटलं.

ते काही बोलले नाहीत. पावती परत घडी घालून खिशात ठेवली. दुपारी साहेबांशी माझं वाजलं. शेवटी क्लेमचा मोठा हिस्सा पेढीने सोसला, थोडा नानांच्या हिशेबातून कापला गेला. कापलेल्या आकड्याचं व्हाउचर मला टाइप करावं लागलं. 'तपशील' या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. 'गुणवत्ता घट' लिहिलं. दुसरा शब्द आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हता.

रॉटरडॅमचे मेल त्यानंतर 'डिअर सर्स'वरच राहिले.

जानेवारी 2025 मध्ये गाझात युद्धविराम झाल्याची बातमी आली आणि दोनच दिवसांत नानांचा फोन. मला वाटलं होतं, यंदा प्लॉट दुसऱ्याला गेला.

"भाऊ, आता जहाज सरळ जातंय का?"

"नाही नाना. कंपन्या अजून वळसाच घालतायत."

पलीकडे पंपाचा आवाज येत होता.

"मग असं करा," ते म्हणाले, "पहिल्या तोडणीचा तेवढा कडक माल न्या. मागचा मी इथंच विकतो. आणि रेटाच्या खाली जहाजाचा रस्ता लिहून द्या."