१/३ ला डेसिमलमध्ये लिहा म्हणे!

आधीच सांगते, मुलांना फ्रॅक्शन-डेसिमल शिकवणं काही अवघड नाहीये. डोकं खाल्लं ते शाळेनं गळ्यात मारलेल्या होमवर्कच्या ॲपनं. लेक पाचवीत आहे. १/२ म्हणजे ०.५, १/४ म्हणजे ०.२५, ३/४ म्हणजे ०.७५ हे तर पटकन झालं, वरच्या आकड्याला खालच्यानं भागायचं, बस. शिवाय आजोबांना पावकी-निमकी अजून तोंडपाठ, त्यामुळे घरात पाव-पाऊण-सव्वा चालूच असतं.

गाडी अडली १/३ वर. लेकीनं ०.३३ टाकलं, लाल फुली. ०.३३३ टाकलं, फुली. ०.३३३३ टाकलं, परत फुली, आणि त्यापुढे डबा आकडाच घेईना! हेल्प दाबलं तर 'पुन्हा प्रयत्न करा'. अरे पण काय करा? मेल केला तर 'तुमचा संदेश मिळाला आहे', त्यानंतर जे गप्प झाले ते झालेच. पॅरेंट्सच्या ग्रुपवर विचारलं तर धडाधड 'हमारा भी', 'सेम हिअर', आणि सकाळी त्यावर गुड मॉर्निंगची फुलं. टीचर म्हणाल्या ॲपमध्ये जे येतं ते करा. आणि इकडे पोरगी रडकुंडीला, 'आई मला येतच नाहीये'. मला चीड आली ती याचीच, कारण तिचं काहीच चुकत नव्हतं, तो भागाकारच तसा आहे.

मग ॲप ठेवलं बाजूला आणि बाल्कनीच्या फरशीवर खडूनं बसलो. एकाला तीननं भाग जात नाही, शून्य पॉइंट, एकाचे केले दहा, तीन त्रिक नऊ, बाकी एक. परत दहा, परत नऊ, परत एक. कुंडीपर्यंत गेली लिहीत आणि मग स्वतःच म्हणाली, 'बाकी सारखी एकच उरतेय, मग हे संपणारच नाही ना?' झालं की! मग तिला ०.३३ तीनदा मिळवायला लावलं, आलं ०.९९. पण १/३ तीनदा घेतला तर पूर्ण एक व्हायला पाहिजे, म्हणजे ०.३३ हे १/३ नाहीये, जवळपास आहे फक्त. आजोबा लगेच सरसावले, १९५७ साली नवे पैसे आले तेव्हा हेच व्हायचं म्हणे, आणा म्हणजे रुपयाचा १/१६, म्हणजे सव्वासहा पैसे, पण धरायचे सहाच. चार आण्याचे पंचवीस, पण एकेक आणा सुटा मोडला तर चोवीस. लेकीला हा एक पैसा गेला कुठे याचीच जास्त काळजी.

ॲपला पाहिजे होतं ०.३ आणि तीनच्या डोक्यावर आडवी रेघ, म्हणजे हा तीन परत परत येत राहतो. आता ती रेघ कीबोर्डवर कुठे आहे? ग्रुपमधल्याच एका मुलाला सापडलं, पॉइंटचं बटण दाबून धरायचं, मग वर येते! कुठेही लिहिलेलं नाही हो हे. हिरवा टिक आला तेव्हा आम्ही दोघी अक्षरशः ओरडलो.

तुमच्याकडे हेच चालू असेल तर मुलांना एवढं सांगा, छेदात फक्त २ आणि ५ चेच गुणाकार असतील तर डेसिमल थांबतं, जसं १/८ म्हणजे ०.१२५, नाहीतर तेच आकडे फिरून फिरून येतात. पण आधी फ्रॅक्शन छोटं करून घ्या, ३/६ मध्ये ६ बघून मुलं फसतात, तो तर १/२ आहे. आणि १/७ नक्की करायला द्या, १४२८५७ हेच परत परत येतं, आमच्याकडे पूर्ण संध्याकाळ त्यात गेली.

हां, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं, ०.२५ मोठं की ०.५? मुलं म्हणतात ०.२५, कारण पंचवीस पाचापेक्षा मोठे. त्यावर इंदूरात उपाय सोपा, सेव घ्यायला बरोबर न्या. काट्यावर ०.२४५, मग चिमूटभर टाकली की ०.२५०, हा पाव किलो, आणि अर्ध्याला ०.५००. तीन आकडे समोर दिसले की शेवटच्या शून्यांनी काही बिघडत नाही हेही कळतं. पॉइंटनंतर 'पंचवीस' म्हणू देऊ नका, 'दोन पाच' म्हणायला लावा.

आणि मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर २/३ केलं तर काही फोनमध्ये ०.६६६६६६७ येतं, शेवटी ७ कुठून आला हे मुलं विचारणारच, तो पुढचे सहा कापताना वर ढकललेला आकडा आहे.