शेततळं चार दिवसांत खोदलं, अनुदानाला चार महिने लागले

शेततळ्यासाठी अर्ज करणार असाल तर आधी 'माय आधार'च्या साइटवर जाऊन तुमचं आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते बघा. मी बघितलं नाही आणि चार महिने फुकट व्याज भरलं.

आमची जालना जिल्ह्यात दोन एकर मोसंबी, 220 झाडं. 2012 च्या दुष्काळात अण्णांनी टँकर विकत घेऊन बाग जगवायचा प्रयत्न केला, शेवटी कुऱ्हाड लावावी लागली. नवीन बाग लावली तेव्हाच ठरवलं होतं, शेततळं करायचंच.

महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी योजनांच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज, सोडत, पूर्वसंमती, आखणी सगळं सुरळीत झालं. 30 बाय 30, खोली 3 मीटर. बाजूंचा उतार धरून 2,196 घनमीटर, म्हणजे जवळपास 22 लाख लिटर पाणी. उन्हाळ्यात झाडाला रोज 70 लिटर धरले तरी शंभर दिवस निघतात, उरलेलं उन्हानं उडतं. अनुदान जास्तीत जास्त 75 हजार. पोकलेनचंच बिल 1 लाख 10 हजार आलं, आणि अनुदान मिळतं मोजमाप झाल्यावर. 60 हजार तीन रुपये शेकड्यानं उचलले. महिन्याला 1,800 व्याज.

मोजमाप झालं, फोटो झाले, बिल मंजूर झालं. पैसे मात्र येईनात. कृषी कार्यालयात म्हणाले, बँकेत विचारा. बँकेतल्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे फिरवून दाखवली, "हे बघा, आधार लिंक आहे." परत कृषी कार्यालय. परत बँक. प्रत्येक खेपेला दिवस मोडायचा आणि उत्तर तेच. घरी आलो की अण्णा नुसते तोंडाकडे बघायचे.

चौथ्या खेपेला एका तरुण साहेबांनी नीट समजावलं. खात्याला आधार नोंदवणं वेगळं आणि एनपीसीआयकडे, म्हणजे बँकांमधले पैसे इकडून तिकडे पाठवणाऱ्या संस्थेकडे, जोडणं वेगळं. तिथं एका आधारसमोर एकच बँक असते, शेवटी जोडलेली, आणि अनुदान तिकडंच जातं. माझ्या नावापुढं होतं पीक विम्यासाठी कधीतरी उघडलेलं, बंद पडलेलं खातं. चालू खातं जोडायला बँकेत संमतीचा फॉर्म भरून दिला. त्याची शिक्का मारलेली पोच घ्याच.

7,200 रुपये व्याज गेलं, अनुदानाचा जवळजवळ दहावा हिस्सा. ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याला पूर्ण 75 हजार मिळतात, आणि दुष्काळानं ज्याला आधीच मोकळं केलंय त्याचेच कापले जातात. निम्मी रक्कम आखणीच्या वेळी दिली तर कितीतरी लोक पुढं येतील.

पन्नीच्या, म्हणजे पाणी मुरू नये म्हणून तळ्यात अंथरायच्या प्लास्टिकच्या, अनुदानाचं बघायचं ते खोदाईच्या आधीच विचारून घ्या. आणि विहिरीचं पाणी उपसून तळं भरू नका. जमिनीखाली सुरक्षित असलेलं पाणी वर आणून उन्हात ठेवायचं आणि शेजाऱ्याची विहीर आटवायची, हे बरं नाही. आम्ही ओढ्याचं पावसाळी पाणीच घेतो.

पन्नी टाकल्या दिवशीच कुंपण करा. तिच्यावर पाय ठरत नाही, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. आम्ही चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडलेत.