केळीच्या वेबसाइटवर रोज ताजा मजकूर

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल या केळीच्या पट्ट्यात रोपवाटिका, कृषी केंद्रं यांच्या वेबसाइट आहेत, पण मजकूर वर्षानुवर्षं तोच. हवामान आणि शेतीच्या बातम्यांची आरएसएस फीड (दुसऱ्या साइटच्या नव्या बातम्या आपोआप आणणारी यादी) लावली की पान रोज बदलतं.

वर्डप्रेसमध्ये, म्हणजे वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, ‘आरएसएस’ ब्लॉक घ्या, फीडचा पत्ता टाका, ५ बातम्या ठेवा. जास्त नकोतच, मोबाइलवर पान लांबत जातं.

खरी अडचण कॅशची, म्हणजे तात्पुरत्या साठवलेल्या प्रतीची. वर्डप्रेस एकदा आणलेली फीड १२ तास तशीच दाखवतं, म्हणजे सकाळचा वादळाचा इशारा रात्री दिसणार! थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये फिल्टर (छोटा कोड) लावून ही मुदत ३६०० सेकंद, म्हणजे तासाभराची करा. त्याहून कमी केली तर फीड देणारा सर्व्हर आपल्याला अडवू शकतो. वेळ साडेपाच तास मागे दिसत असेल तर सेटिंगमध्ये टाइमझोन ‘कोलकाता’ निवडा. फीड अचानक बंद पडली तर ती व्हॅलिडेटरमध्ये (फीडमधल्या चुका दाखवणाऱ्या साइटवर) तपासा; मथळ्यातलं एक सुटं ‘&’ चिन्हही एक्सएमएल, म्हणजे फीड ज्या भाषेत लिहिलेली असते ती रचना, मोडायला पुरतं.

अख्खी बातमी उचलू नका, तो कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. मथळा, दोन ओळी आणि मूळ दुवा बस. नुसत्या उसन्या मथळ्यांनी गूगलवर पान वर येत नाही. उष्णतेच्या लाटेची बातमी आली तर खाली आपलं लिहा: बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवताचा आडोसा, घड वाळल्या पानांनी झाका. शेतकरी तेच वाचायला येतो.