एस्टीमच्या ऑक्सिजन सेन्सरची भानगड

सेन्सरचा भाव ऐकून लोक चांगली चालती गाडी विकायला काढतात हे आमच्या गॅरेजच्या लाईनीत नेहमीचंच, पण या काकांची केस जरा वेगळीच निघाली म्हणून लिहितोय. गाडी 2004 ची मारुती एस्टीम व्हीएक्सआय, एकाच माणसाच्या हातातली, सीट कव्हरसुद्धा धुतलेली. 15 वर्षं झाली तेव्हा 2019 ला एकदा पासिंग (आरटीओत रजिस्ट्रेशन वाढवणं) करून घेतलेलं, आता 5 वर्षांनी परत नंबर लागलेला आणि पीयूसी काही पास होईना. त्या काळच्या गाडीला सीओ (धुरातला कार्बन मोनॉक्साइड) 0.5 टक्क्याच्या आत लागतो, यांचा दोनच्या वर. अॅव्हरेज पडलेलं, मागे उभं राहिलं की पेट्रोलचा वास.

काका आधी एका गॅरेजला जाऊन आले होते. तिथल्या फिटरने "ऑक्सिजन सेन्सर गेलाय" असं न तपासताच सांगितलं. (हा सेन्सर धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगतो आणि त्यावरून तो पेट्रोल कमीजास्त करतो.) ओरिजिनलची चौकशी केली तर 9 हजाराच्या आसपास आणि तोही मागवावा लागेल, कधी येईल माहीत नाही. मग त्याच फिटरने दीड-दोन हजारात चार वायरींचा युनिव्हर्सल, म्हणजे बऱ्याच गाड्यांना चालणारा सेन्सर बसवून दिला. पीयूसी तरी नापासच आणि वर आता चेक इंजिन लाइट पण लागला, जो आधी नव्हता! काका मला म्हणाले, "अरे, तू स्वस्तातला चांगला सेन्सर बघून दे, नाना पेठेत मिळत असेल ना?"

मिळतो ना, पुण्याचा स्पेअर पार्टचा बाजारच तो. आणि हे खरंच सांगतो, गाडीच्या कंपनीच्या खोक्यात जो सेन्सर येतो तो बनवणारी कंपनी वेगळीच असते, बॉश, डेन्सो, एनटीके वगैरे, तोच माल त्यांच्या स्वतःच्या खोक्यात बराच कमी पैशात मिळतो, फक्त डुप्लिकेट नाही ना ते ओळखीच्या दुकानात बघून घ्यायचं. युनिव्हर्सल पण वाईट नसतो. पण नवीन सेन्सर टाकूनही गाडी तशीच आहे म्हणल्यावर तिसरा सेन्सर विकत घ्यायची मला घाई नव्हती.

या गाडीला स्कॅनर लावत बसायची गरज नाही, डायग्नोसिसच्या कपलरमध्ये जंपर (वायरीचा तुकडा) टाकला की चेक इंजिन लाइट स्वतःच मिचकावून कोड सांगतो. 12 म्हणजे सगळं ठीक. इथे 13 आला, ऑक्सिजन सेन्सर. गाडी लिफ्टवर घेतली, सेन्सरच्या वायरीवरची टेप सोडवली आणि हसावं का रडावं कळेना.

जुन्या सेन्सरचा प्लग ठेवायचा म्हणून त्याच्या वायरी मधे कापून नव्या सेन्सरला जोडलेल्या, इथवर बरोबर, युनिव्हर्सल असाच बसवतात. पण जोडल्या होत्या रंग बघून! जुना सेन्सर डेन्सोचा, त्यात दोन काळ्या वायरी सेन्सर गरम करणाऱ्या हिटरच्या, निळी सिग्नलची आणि पांढरी सिग्नलची अर्थ. नवा बॉशच्या रंगांचा, त्यात हिटरच्या दोन पांढऱ्या, सिग्नल काळी, अर्थ करडी. म्हणजे काळ्याला काळी आणि पांढऱ्याला पांढरी लावली की झाला खेळ. मीटर लावून बघितलं तर इग्निशनचे 12 व्होल्ट थेट सिग्नलच्या काळ्या वायरीवर. जी वायर फार तर 0.9 व्होल्ट बनवते तिच्यात 12! आणि हिटरची दोन्ही टोकं अर्थकडे, त्यामुळे तो गरम व्हायचा प्रश्नच नाही. हिटरची दुसरी वायर पॉझिटिव्हवर गेली असती तर सगळा करंट ईसीयूच्या सेन्सर अर्थमधून वाहिला असता, आणि मग 9 हजाराचा सेन्सर स्वस्त वाटला असता. वर सगळ्या जोडांना सोल्डर मारलेला. या सेन्सरला आत बाहेरची हवा लागते तुलनेसाठी, बऱ्याच सेन्सरमध्ये ती वायरीच्या तारांमधल्या फटीतूनच जाते, सोल्डरने ती वाट बुजते. म्हणून इथे क्रिंपच (नळीत दाबून जोड) करायचं, सोल्डरच्या फ्लक्सचा डबा लांब ठेवायचा.

बरं, काकांनी जुना सेन्सर टाकून दिला नव्हता. ("माझा पार्ट माझ्याकडे" असा खाक्या, सगळ्यांनी ठेवावा.) डिकीतून पिशवीत गुंडाळलेला काढून दिला. हिटरचा रेझिस्टन्स 13 ओहम, मस्त. मग व्हाइसमध्ये धरला, हिटरला बॅटरी दिली, सिग्नलवर डिजिटल मीटर आणि टोक ब्लो टॉर्चच्या ज्वाळेत. मीटर 0.85 च्या वर. ज्वाळा बाजूला केली की झरकन खाली. परत धरली, परत वर. झिर्कोनियाचा, म्हणजे स्वतः व्होल्टेज बनवणारा सेन्सर असाच वागायला हवा, आणि हा 20 वर्षांचा म्हातारा तरण्यासारखा उड्या मारत होता. काका चष्मा वर करून बघत राहिले, "म्हणजे हा चांगला होता?"

जुनाच परत बसवला. वायरी रंगाने नाही, कामाने जुळवल्या, क्रिंप केलं, वर हीट श्रिंक. आट्यांना थोडं अँटिसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावतात ते), टोकाला अजिबात नाही. कोड पुसला, गाडी चालू केली, लाइट गेला. सीओ मात्र अजूनही जास्तच.

म्हणजे मूळ आजार वेगळाच. काकांना सहज विचारलं, टेंपरेचरचा काटा कुठे असतो? तर अभिमानाने म्हणाले, "कधी वर जातच नाही, घाटात सुद्धा!" तिथेच माझी ट्यूब पेटली. कूलंट टेंपरेचर सेन्सरचा प्लग काढून मोजला, इंजिन चांगलं वीस मिनिटं चाललेलं आणि मीटरवर 700 ओहम. या गाडीत 20 डिग्रीला अडीच हजाराच्या आसपास आणि 80 ला 300 च्या थोडं वर असतो, म्हणजे 700 ला पन्नास-पंचावन्न डिग्री. टेंपरेचर गन मारली हाऊसिंगवर, तेवढंच. सेन्सर बिचारा खरं बोलत होता, इंजिनच थंड होतं. हाऊसिंग उघडलं तर थर्मोस्टॅटच नाही, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडपच गायब! एका उन्हाळ्यात गाडी तापली तेव्हा कुणीतरी काढून टाकलेला, आपल्याकडे हा इलाज सर्रास करतात आणि गिऱ्हाईक पण खूश असतं, कारण काटा खाली. पण ईसीयूला वाटत राहतं की इंजिन अजून गरम व्हायचंय, तो जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो आणि ऑक्सिजन सेन्सर काय ओरडतोय तिकडे लक्षच देत नाही.

थर्मोस्टॅट आणि गॅस्केट नाना पेठेतून आणायला पोराला पाठवलं, काही शे रुपयांचं काम. सोबत कूलंट आणि काळे पडलेले स्पार्क प्लग बदलले, रेडिएटरचा फॅन वेळेवर लागतो ना तेही पाहिलं, कारण मुळात गाडी तापली का होती हे कुणी बघितलंच नव्हतं. फॅनचं रिले धरसोड करत होतं, तेही टाकलं. पाऊण तास फिरवून आणली, काटा मध्याच्या जरा खाली स्थिर. पीयूसीला सीओ 0.2.

ज्यांना खरंच सेन्सर घ्यावा लागणार आहे त्यांच्यासाठी एवढंच, चार वायरींचा युनिव्हर्सल चार वायरींच्या झिर्कोनियालाच लावा. काही जुन्या गाड्यांत टायटानियाचा असतो, तो व्होल्टेज बनवत नाही, त्याचा रेझिस्टन्स बदलतो, तिथे हा चालणार नाही. वाइडबँड (मिश्रण नेमकं मोजणाऱ्या) सेन्सरच्या जागी तर मुळीच नाही. आणि कुणी रंग बघून वायरी जोडायला लागला तर चावी काढून घ्या.

काकांना बिल सेन्सरच्या चौकशीच्या मानाने किरकोळच झालं. युनिव्हर्सलचे पैसे त्या पहिल्या फिटरकडून परत घ्यायचे का म्हणून मलाच विचारत होते, मी त्यात पडलो नाही. पासिंग झालं. आता त्यांना एसी कमी थंड वाटायला लागलाय, पुढच्या आठवड्यात गाडी परत येणार आहे.