ईएमआरमधून डेटा काढताना: माझा अनुभव

कॅन्सर विभागात ईएमआर (पेशंटच्या नोंदी ठेवणारी संगणक प्रणाली) आला म्हणजे अभ्यासाला डेटा आपोआप हाताशी आला, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा डेटा मागणीचा फॉर्म भरून बघावा. मी भरलाय. काम होऊन बरेच दिवस झाले तरी डोकं अजून पुरतं शांत झालेलं नाही, तेव्हा सूर जरा चढा वाटला तर सांभाळून घ्या.

प्रश्न अगदी साधा होता. स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाल्यापासून पहिली किमो सुरू होईपर्यंत आमच्याकडे किती दिवस जातात आणि ते नेमके कुठे जातात? पॅथॉलॉजी रिपोर्टसाठी, इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) तारखेसाठी, की डे-केअरमध्ये (किमो देऊन त्याच दिवशी घरी सोडतात त्या विभागात) जागा मिळण्यासाठी? एथिक्स कमिटीची धास्ती होती, पण तिथे काहीच त्रास झाला नाही. जुन्या नोंदी, नाव-पत्ता काढलेल्या, उपचारात कसलाही बदल नाही, म्हणून प्रत्येक पेशंटची वेगळी संमती घेण्यातून सूट मिळाली.

घोडं अडलं ते आयटी विभागात.

त्यांच्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे: ‘हव्या असलेल्या टेबल व फील्डची नावे’. मला पेशंट माहीत, औषधं माहीत, स्क्रीनवर कुठलं बटण दाबल्यावर काय उघडतं तेही माहीत. पण स्क्रीनच्या मागे डेटा ज्या तक्त्यांत साठवतात, त्यातल्या कुठल्या टेबलाला काय नाव दिलंय ते मला कसं कळणार? नावांची यादी मागितली. उत्तर आलं, “मॅडम, यादी मंजूर फॉर्मशिवाय देता येत नाही.” आणि फॉर्म मंजूर व्हायला रकान्यात नावं हवीत! मी आपली साध्या भाषेत लिहून दिलं: निदानाची तारीख, स्टेज, शस्त्रक्रियेची तारीख, पहिल्या किमोची तारीख. फॉर्म परत, शेरा ‘तपशील अपुरा’. आणखी सविस्तर लिहिलं. पुन्हा परत, शेरा तोच. परत आलेला फॉर्म पुन्हा रांगेच्या शेपटाला जातो, हेही कुणी आधी सांगत नाही. पुढच्या खेपेला तर सगळ्या तारखांवर लाल रेघ मारून आली: तारखेवरून पेशंट ओळखता येतो, फक्त महिना आणि वर्ष मिळेल. अहो, मला दिवस मोजायचेत! ३१ मार्चला शस्त्रक्रिया आणि १ एप्रिलला शस्त्रक्रिया यांत महिन्याचा फरक दिसणार, आणि १ मार्च व ३१ मार्च एकच ठरणार.

खूप पाठपुरावा केल्यावर त्यांनी स्वतःच्या अंदाजाने एक नमुना फाइल काढून दिली. ती उघडल्यावर कळलं की रकान्यातल्या नावांचा आग्रह अगदीच वेडेपणाचा नव्हता. (हे मी त्यांच्यासमोर बोलले नाही.) ‘निदानाची तारीख’ म्हणून आली होती ती सिस्टिममध्ये निदानाचा कोड टाकला गेल्याची तारीख. बाहेर शस्त्रक्रिया करून आमच्याकडे आलेल्या बायकांना त्या हिशेबाने कॅन्सर शस्त्रक्रियेनंतर झाला होता. ‘पहिल्या किमोची तारीख’ ही ऑर्डर सही केल्याची तारीख होती. आदल्या दिवशी ऑर्डर जाते, सकाळच्या रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) कमी येतात, किमो पुढे ढकलली जाते, ऑर्डर मात्र तिथेच राहते. औषध खरोखर कधी चढलं ते फक्त नर्सिंगच्या नोंदीत असतं. पेशंटची यादी सी५० या स्तनाच्या कॅन्सरच्या कोडवरून काढलेली, त्यात नुसत्या संशयावरून तपासायला आलेल्या आणि बायोप्सी साफ निघालेल्याही होत्या. स्टेजचा रकाना जवळजवळ रिकामा. तो भरणं सक्तीचं नाही, आणि आम्ही डॉक्टर मंडळी स्टेज नोटमध्येच टाइप करतो.

गाडी हलली ती फॉर्ममुळे नाही. फॉर्म घेणारा माणूस वेगळा आणि प्रत्यक्ष क्वेरी (डेटा बाहेर काढायची संगणकाला दिलेली आज्ञा) लिहिणारा वेगळा, हे कळल्यावर मी सरळ त्या दुसऱ्याच्या डेस्कशी खुर्ची ओढून बसले. माझ्याच उपचाराखाली असलेल्या एका पेशंटची फाइल उघडली. मी स्क्रीनवर बोट ठेवायचं, “ही तारीख कुठून येते?” आणि त्याने शोधून नाव सांगायचं. एका कागदावर डावीकडे मला दिसतं ते, उजवीकडे त्याच्या टेबलाचं नाव. तो कागद जसाच्या तसा रकान्यात उतरवला आणि फॉर्म मुकाट्याने मंजूर झाला. आता आमचे रेसिडेंट त्या कागदाच्या झेरॉक्स घेऊन फिरतात, आणि मला त्याचा अभिमान आहे.

तारखांचा तोडगाही त्यानेच मान्य केला: प्रत्येक पेशंटसाठी एक आकडा निवडायचा आणि तिच्या सगळ्या तारखा तेवढेच दिवस मागेपुढे सरकवायच्या. खऱ्या तारखा झाकल्या जातात, मधलं अंतर जसंच्या तसं राहतं. आकड्यांची यादी आयटीकडेच कुलपात. फॉर्मवर हा पर्याय छापला तर काय बिघडेल, देव जाणे.

पॅथॉलॉजीबद्दल एक सांगायचं राहिलं, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं. एचईआर२ चा (कॅन्सरच्या पेशींवरच्या एका प्रथिनाचा) रिपोर्ट २+ आला तर निर्णय लागत नाही, फिश (त्या प्रथिनाच्या जनुकाच्या प्रती मोजणारी चाचणी) किंवा तत्सम चाचणी करावी लागते, आणि ते उत्तर पुरवणी रिपोर्ट म्हणून नंतर येतं. आम्हाला मिळालेल्या फाइलमध्ये पहिल्या रिपोर्टचीच तारीख होती. त्यामुळे या बायकांचे रिपोर्ट वेळेवर आलेले दिसत होते आणि उशीर डे-केअरच्या खात्यात पडत होता. पुरवणीची तारीख वेगळी मागितली तेव्हा चित्र पालटलं. डे-केअरच्या सिस्टरना उगाच बोल लागणार होता.

नोटमधून शब्द शोधून काढणार असाल तर ‘मेटास्टॅसिस’ (कॅन्सर इतरत्र पसरणं) शोधल्यावर ‘मेटास्टॅसिस नाही’ असं लिहिलेल्या सगळ्या नोट्सही पदरात पडतात, शिवाय जुनी नोट कॉपी-पेस्ट करायची सवय कुणाला नाही? स्टेजच्या आधी ‘वायपी’ असेल तर ती किमो आधी घेऊन मग शस्त्रक्रिया झालेली पेशंट, तिला या हिशेबात धरू नका. २०१८ पासून एजेसीसीच्या (कॅन्सरची स्टेज ठरवण्याचे नियम काढणारी अमेरिकन संस्था) नियमांची आठवी आवृत्ती लागू झाली, तिच्यात स्तनाच्या कॅन्सरची प्रोग्नॉस्टिक स्टेज ठरवताना ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात) आणि रिसेप्टरही (हार्मोनचे आणि एचईआर२) धरतात. म्हणून त्याआधीची आणि नंतरची स्टेज एका रकान्यात कोंबू नका, टी, एन, एम (गाठ, लसिकाग्रंथी, इतरत्र पसरणं) वेगवेगळे मागा.

आणि डेटा मिळाला की क्वेरी लिहिणाऱ्याकडून त्या क्वेरीचा मजकूर तारखेसह मागून ठेवा. सॉफ्टवेअर अपडेट झालं की टेबलांची नावं बदलतात, आणि पुढच्या वर्षी तोच अभ्यास पुढे न्यायचा म्हटलं तर पुन्हा तोच फॉर्म, तोच रकाना.